अकरा अंकांची वाघीण

नागपूरच्या स्थानकावर, हावड्याहून मुंबईकडे आणि दिल्लीहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गांची जेथे गाठ पडते तेथे, ज्याने गाडीची वाट पाहत तासभर काढला आहे, त्याच्या डोळ्यांसमोरून कोळशाची एखादी मालगाडी गेली नाही असे सहसा घडत नाही. आणि ती सिग्नलसाठी रेंगाळली असेल, तर प्रत्येक वाघिणीच्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलेला लांबलचक क्रमांकही त्याने, केवळ दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे, वाचलेला असतो. हा क्रमांक अकरा अंकांचा असतो. अकरा अंकी संख्या म्हणजे हजारो कोटींचा मामला, आणि भारतीय रेल्वेच्या यच्चयावत वाघिणींची खानेसुमारी केली तरी ती काही लाखांच्या पलीकडे जायची नाही. सहा अंकांत जे काम बिनबोभाट उरकले असते, त्यासाठी रेल्वेच्या दप्तराने अकरा अंक रंगवण्याची उठाठेव का करावी?

उकल अशी की ती एक संख्या नव्हेच. पाच वेगवेगळ्या नोंदी एकीपुढे एक अशा टोकाला टोक लावून लिहिल्या आहेत, आणि आपण त्या एका दमात वाचतो म्हणून त्यांची मिळून एक अवाढव्य संख्या भासते. या पाच नोंदींची ना बेरीज झाली आहे, ना गुणाकार. त्या नुसत्या जोडल्या आहेत. संगणकाच्या शास्त्रात या नुसत्या जोडण्याला स्वतंत्र स्थान आहे, आणि पोराटोरांना जमावी इतकी ही क्रिया सोपी असूनही तिच्यापायी होणारे घोटाळे मात्र भल्याभल्यांना चकवतात. त्या क्रियेची आणि त्या घोटाळ्यांची हकीकत येथे सांगावयाची आहे.

चौकट : वाघिणीचा क्रमांक कसा वाचावा

नमुन्यादाखल, केवळ कल्पनेने रचलेला क्रमांक : १२०१०९४३२१५

१२ : वाघिणीचा प्रकार (१० ते २९ हे आकडे उघड्या वाघिणींचे)
०१ : मालकी कोणत्या रेल्वेची (०१ म्हणजे मध्य रेल्वे)
०९ : बांधणीचे वर्ष, २००९
४३२१ : त्या वाघिणीचा स्वतःचा क्रमांक
५ : पडताळ्याचा अंक

पडताळा असा : सम स्थानांवरील २, १, ९, ३, १ यांची बेरीज १६, तिची तिप्पट ४८. विषम स्थानांवरील १, ०, ०, ४, २ यांची बेरीज ७. एकूण ५५. यापुढची दहाची पूर्ण पट ६०. तिच्यातून ५५ वजा जाता उरले ५. कारकुनाने एखादा अंक चुकीचा उतरवला, तर हा हिशेब जुळत नाही.

जोडणी म्हणजे नेमके काय

दोन मजकूर टोकाला टोक लावून एक करण्याच्या क्रियेला संगणकाच्या परिभाषेत कॉन्कॅटिनेशन असे भारदस्त नाव आहे. आपण तिला जोडणी म्हणू. ती समजून घेण्यासाठी एवढे ध्यानात घ्यावे लागते की संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, आकडे असतात; कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे युनिकोड नावाच्या जागतिक कोष्टकाने मुक्रर केलेले आहे, आणि त्या कोष्टकात देवनागरीचा विभाग २३०४ पासून सुरू होतो. ‘नाग’ हा शब्द यंत्राच्या लेखी २३४४, २३६६, २३२७ असा, म्हणजे न, काना आणि ग असा, तीन आकड्यांचा असतो. ‘पूर’ हा २३४६, २३७०, २३५२ असा असतो. हे दोन शब्द जोडा असा हुकूम दिला, की पहिले तीन आकडे आणि त्यांच्यामागोमाग दुसरे तीन आकडे ओळीने मांडले जातात, आणि ‘नागपूर’ तयार होते. सहा आकडे आले, सहाच राहिले. एकही बदलला नाही, गळला नाही, की नव्याने उपजला नाही.

मालगाडी जोडताना हेच घडते. यार्डात उभ्या असलेल्या एका रांगेच्या शेवटच्या वाघिणीला दुसऱ्या रांगेची पहिली वाघीण येऊन भिडते, कपलिंग अडकते आणि दोन्हींची मिळून एक गाडी होते. आतला कोळसा उमरेडचा की वणीचा याची त्या कपलिंगाला ना खबर असते ना पर्वा. नागपूर हे रेल्वेच्या दृष्टीने मोठे मौजेचे ठिकाण आहे, कारण मध्य रेल्वेचा आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा असे नागपूर नावाचेच दोन विभाग येथे नांदतात. त्यांपैकी दुसऱ्याने २०२० च्या जुलै महिन्यात मालगाड्यांच्या चार रिकाम्या रांगा एकमेकींना जोडून २.८ किलोमीटर लांबीची एकच गाडी चालवली आणि तिचे नाव ‘शेषनाग’ ठेवले. चार गाड्या चार वेळा मार्ग अडवण्याऐवजी एकदाच अडवतात, हा त्यातला लाभ.

या दृष्टांतावरून जोडणीचे तीन गुण सहज उमगतात. पहिला, क्रमाला महत्त्व आहे : ‘नाग’पुढे ‘पूर’ जोडणे आणि ‘पूर’पुढे ‘नाग’ जोडणे यांत एक शहर आणि एक निरर्थक उच्चार एवढे अंतर आहे, बेरजेत दोन आणि तीन यांची अदलाबदल चालते, ती मुभा येथे नाही. दुसरा, गटवारीला महत्त्व नाही : ‘नाग’ व ‘पूर’ आधी जोडून मग ‘कर’ जोडा, किंवा ‘पूर’ व ‘कर’ आधी जोडून ते ‘नाग’ला जोडा, ‘नागपूरकर’ तोच. तिसरा गुण प्रथमदर्शनी पोरकट वाटेल : काहीच नसलेला मजकूर, ज्यात एकही अक्षर नाही असा, कोणत्याही मजकुराला जोडला तरी तो मजकूर होता तसाच राहतो. बेरजेत शून्याचे जे काम, ते जोडणीत या रिकाम्या मजकुराचे. आणि यंत्राला हजार तुकडे जोडायला सांगताना आरंभ कोठून करायचा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा हा रिकामा मजकूरच असतो.

अधिकाच्या चिन्हाने माजवलेला गोंधळ

दोन अधिक तीन किती, या प्रश्नाचे तेवीस असे उत्तर एखाद्या मुलाने दिले तर गुरुजी त्याला बाकावर उभे करतील. पण संगणक हे उत्तर रोज देतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर तो चुकतही नाही. अर्जाच्या रकान्यात आपण जे लिहितो ते यंत्रापर्यंत पोहोचते ते मजकूर म्हणून; तो अंकांचा दिसत असला तरी यंत्राने त्याला संख्येचा दर्जा दिलेला नसतो. कार्यक्रम लिहिणाऱ्याने, म्हणजे प्रोग्रॅमरने, या मजकुराचे संख्येत रूपांतर करण्याचे विसरून मध्ये अधिकाचे चिन्ह ठेवले, की यंत्र दोन हे अक्षर आणि तीन हे अक्षर शेजारी शेजारी मांडून मोकळे होते.

दोष आहे तो एकाच चिन्हाकडून दोन कामे करून घेण्याचा. पुष्कळ संगणकभाषांनी बेरीज आणि जोडणी या दोन्हींना अधिकाचेच चिन्ह दिले. १९९५ साली आलेल्या जावास्क्रिप्ट या भाषेत तर मजकूररूप पाचाला संख्यारूप दोन मिळवले असता बावन्न येतात, आणि त्याच मजकूररूप पाचातून दोन वजा केले असता मात्र तीन येतात. कारण जोडणीला उलट क्रिया नाही, म्हणून वजाबाकीचे चिन्ह पाहताच ती भाषा मुकाट्याने संख्येचा आश्रय घेते. पायथॉन या भाषेने अधिक करारी धोरण स्वीकारले आहे : मजकूर आणि संख्या यांना जोडण्याचा हुकूम मिळाला की ती काम थांबवून तक्रार नोंदवते. हिशेबाच्या तक्त्यांत, म्हणजे एक्सेलसारख्या साधनांत, जोडणीसाठी ‘अँड’चे वेगळेच चिन्ह ठेवले आहे, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे होय. चिन्ह वाचवण्याच्या काटकसरीने जेवढा तोटा केला, तेवढा उधळपट्टीनेही झाला नसता.

याचीच दुसरी बाजू म्हणजे शून्याची गळती. नागपूरच्या मुख्य टपाल कचेरीचा पिन ४४०००१. एका तक्त्यात ४४० हा जिल्ह्याचा भाग एका रकान्यात आणि ००१ हा कचेरीचा भाग दुसऱ्या रकान्यात लिहिला, तर तक्ता आपल्या परीने शहाणपणा करून ००१ ला संख्या समजतो आणि आधीची दोन शून्ये निरुपयोगी म्हणून झाडून टाकतो. मग जोडणी केली की हाती येते ४४०१, आणि असा पिन सबंध हिंदुस्थानात नाही. संख्या म्हणून ००१ आणि १ यांत फरक नसतो. मजकूर म्हणून एक तीन अक्षरांचा आणि दुसरा एका अक्षराचा असतो. पिन, दूरध्वनी, खातेक्रमांक, वाघिणीचा क्रमांक हे सगळे अंकांनी लिहिलेले मजकूर आहेत. त्यांची बेरीज करण्याचा प्रसंग कोणावर कधी येत नाही, आणि ज्याची बेरीज करायची नसते ते संख्येच्या रकान्यात ठेवू नये, हा साधा शिरस्ता पाळला तरी निम्मे घोटाळे टळतात.

सांधा कोठे आहे, हे कोणी सांगावे

जोडणे सोपे, जोडलेले पुन्हा बिनचूक सोडवणे अवघड. असे समजा की एका नगरपालिकेने प्रभागाचा आकडा आणि घराचा आकडा जोडून प्रत्येक घराला एक क्रमांक दिला. पहिल्या प्रभागातील तेविसाव्या घराला १२३ मिळेल, आणि बाराव्या प्रभागातील तिसऱ्या घरालाही १२३च मिळेल. दोन घरांची करपट्टी एकाच्याच नावावर पडेल, आणि दोष यंत्राचा नसेल, कारण त्याने जोडायला सांगितले तेवढे जोडले. जोडणीत सांध्याची खूण उरत नाही. ती राहावी असे वाटत असेल, तर तजवीज आधीच करावी लागते.

पहिली तजवीज म्हणजे प्रत्येक तुकड्याची रुंदी आगाऊ ठरवून टाकणे. वाघिणीच्या क्रमांकात दोन, दोन, दोन, चार आणि एक अशी रुंदी ठरलेली आहे. म्हणूनच मध्ये काही खूण नसतानाही तो वाचता येतो, आणि म्हणूनच मध्य रेल्वेचा आकडा १ असा न लिहिता ०१ असा लिहावा लागतो. याच पद्धतीचे आपल्या देशातील सर्वांत सुबक उदाहरण म्हणजे पिन होय. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि त्याची रचना डाक-तार खात्यातील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली, जे संस्कृतातील कवी आणि नाटककार म्हणूनही विख्यात होते. मात्रांच्या आणि गणांच्या ठरीव मापात शब्द बसवण्याचा ज्याच्या हाताला सराव, त्याने टपालाचे मोजमापही असे काटेकोर बांधावे, यात मला तरी नवल वाटत नाही. पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आताचे छत्तीसगड यांचा. ४४ म्हटले की आपण विदर्भात आलो. ४४० म्हणजे नागपूर, ४४२ मध्ये वर्धा, ४४४ मध्ये अकोला व अमरावती, ४४५ मध्ये यवतमाळ. आणि शेवटचे तीन अंक कचेरीचे. डावीकडून एकेक अंक वाचत जावे तसतसा मुलूख आकुंचित होत जातो, आणि टपाल वेगळे करणाऱ्या कामगाराला आपल्या टप्प्यावर हवे तेवढेच अंक वाचून थैली पुढे ढकलता येते.

दुसरी तजवीज म्हणजे दोन तुकड्यांमध्ये खुणेचे चिन्ह ठेवणे : स्वल्पविराम, तिरपी रेघ, मोकळी जागा. आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांच्या मध्ये मोकळी जागा ठेवण्याचे राहून गेले, तर काय विचित्र समास छापून येतात, ते सरकारी ओळखपत्रे हाताळणाऱ्यांना ठाऊक आहे. पण खुणेच्या चिन्हाला एक उपजत व्याधी आहे. तेच चिन्ह मजकुरातही आले तर काय? पत्त्याच्या रकान्यात कोणी ‘धंतोली, नागपूर’ असे लिहिले, की स्वल्पविरामाने तोडणारे यंत्र एका पत्त्याचे दोन रकाने करते आणि पुढची सगळी रांग एका घराने सरकते.

वाहनांच्या पाटीवर तिसरीच युक्ती आढळते, आणि ती कोणाच्या फारशी ध्यानात येत नाही. एमएच ही दोन अक्षरे राज्याची, ३१ हा नागपूरच्या परिवहन कचेरीचा आकडा, मग मालिकेची अक्षरे आणि मग वाहनाचा आकडा. अक्षरांनंतर अंक आणि अंकांनंतर अक्षरे असा जातिभेद ठेवल्यामुळे, मालिका एका अक्षराची असो की दोन, सांधा आपोआप उघड राहतो.

सांध्याची खूण न ठेवण्याचे सर्वांत महाग फळ माहितीच्या कोठारांना, म्हणजे डेटाबेसांना, भोगावे लागले आहे. कोठाराला द्यावयाचा हुकूम आणि वापरणाऱ्याने टंकलेले नाव हे दोन्ही मजकूरच असल्यामुळे, अनेक प्रोग्रॅमरांनी ‘अमुक नावाची नोंद शोध’ असा अर्धा हुकूम आधी लिहून, अवतरणचिन्हांच्या मध्ये ते नाव जोडून, हुकूम पुरा करण्याची पद्धत पाडली. एखादा लबाड माणूस नावाच्या जागी प्रथम एक बंद करणारे अवतरणचिन्ह टंकतो आणि त्यापुढे ‘सगळी यादी पुसून टाक’ असा स्वतःचा हुकूम लिहितो. जोडणीनंतर धन्याचा शब्द कोठे संपला आणि चोराचा कोठे सुरू झाला, हे कळण्याचा यंत्राला मार्गच उरत नाही. ते दोन्ही हुकूम इमानेइतबारे बजावते. यावरचा खरा उपाय हुकूम आणि नाव यांना मुळात जोडायचेच नाही, दोन्ही वेगवेगळे पाठवायचे, हा आहे. बँकांपासून महाविद्यालयांपर्यंत सर्वत्र हा उपाय आज सांगितला जातो, आणि तरीही जोडण्याचा मोह काही सुटत नाही.

शेवटच्या वाघिणीपर्यंतची पायपीट

आता श्रमांचा हिशेब. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या सी या भाषेत मजकुराची लांबी कोठेही लिहून ठेवत नाहीत. मजकूर संपला हे दाखवण्यासाठी त्याच्या शेवटी एक शून्य ठेवतात, एवढेच. मालगाडीची लांबी कोणी नोंदवलेली नाही आणि शेवटच्या वाघिणीला तांबडी पाटी आहे, अशी कल्पना करा. नवी वाघीण जोडायची झाली, की रेल्वेच्या माणसाने इंजिनापासून निघून, प्रत्येक वाघीण ओलांडत, तांबडी पाटी दिसेपर्यंत चालत जायचे; तेथे वाघीण जोडायची, परत इंजिनापाशी यायचे, आणि पुढची वाघीण आली की पुन्हा पहिल्यापासून चालू लागायचे. गाडी वाढते तशी पायपीट वाढते.

दहा दहा अक्षरांची एक हजार नावे या रीतीने एका मजकुरात जोडावयाची असतील, तर नावे उतरवण्याला दहा हजार पावले पुरतात. पण दर वेळी शेवट हुडकण्यासाठी केलेली चाल सुमारे पन्नास लाख पावलांची होते. नावे दसपट केली, म्हणजे दहा हजार केली, तर चाल दसपट होत नाही. ती शंभरपट होऊन पन्नास कोटींच्या घरात जाते. चाचणीच्या वेळी पाच-पन्नास नावांवर झटपट चाललेला कार्यक्रम मतदारयादीवर सोडला की तासन्तास का घुटमळतो, याचे कारण अनेकदा एवढेच असते. जावा किंवा पायथॉन यांसारख्या भाषांत लांबी नोंदलेली असते खरी, पण तेथे एकदा लिहिलेला मजकूर बदलता येत नाही असा दंडक आहे, त्यामुळे प्रत्येक जोडणीला जुना मजकूर नव्या जागी सबंध उतरवून घ्यावा लागतो. दंडकात क्वचित पळवाट काढता येते, पण तिच्यावर विसंबू नये.

उपाय सोपा आहे. सगळे तुकडे आधी एका यादीत गोळा करावेत, एकूण लांबी एकदाच मोजावी, तेवढी जागा घ्यावी आणि मग एका फेरीत सर्व तुकडे ओळीने बसवावेत. फार मोठ्या ग्रंथांसाठी याहूनही चतुर तोड आहे : तुकडे जेथे आहेत तेथेच राहू द्यायचे आणि ‘आधी हा वाचा, मग तो वाचा’ एवढी चिठ्ठी ठेवायची. बोएम, अ‍ॅटकिन्सन आणि प्लास या तिघांनी १९९५ साली या रचनेचे सविस्तर विवेचन केले; तिला ‘रोप’, म्हणजे दोर, असे नाव आहे.

तहसिलींच्या याद्या

युनिक्स या कार्यपद्धतीत १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेपासून ‘कॅट’ नावाची एक छोटी आज्ञा आहे, जी दिलेल्या फायली एकीपुढे एक अशा ओतते. काटोल, सावनेर, रामटेक अशा तहसिलींकडून आलेल्या याद्या एकत्र करून जिल्ह्याची फेरिस्त बनवण्यासाठी ती आदर्श वाटते, आणि बहुतेक वेळा असतेही. पण काटोलच्या कारकुनाने शेवटच्या नावानंतर ओळ बदलण्याची कळ दाबली नसेल, तर काटोलचा शेवटचा शेतकरी आणि सावनेरचा पहिला शेतकरी एकाच ओळीवर येऊन एक जोडनावाचा मनुष्य निर्माण होतो, आणि एकूण संख्या एकाने घटते. हजारो नावांत ही एकाची तूट सापडायला दिवस जातो.

सगळ्याच फायली जोडून घेत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे. जेपेग जातीच्या दोन छायाचित्रांच्या फायली टोकाला टोक लावल्या तर फायलीचा आकार दोन्हींच्या बेरजेइतका होतो, पण चित्र दिसते ते पहिलेच. कारण त्याच्या शेवटी ‘चित्र समाप्त’ अशी खूण असते आणि पाहणारे साधन तेथेच थांबते. याउलट जीझिप पद्धतीने दाबलेल्या दोन फायली जोडल्या तर दोन्ही सुखरूप उघडतात, कारण ती पद्धत ठरवणाऱ्यांनी अशा जोडणीची मुभा मुळातच लिहून ठेवली आहे.

देवनागरीचा सांधा

येथवर जे सांगितले ते कोणत्याही लिपीला लागू आहे. आपल्या लिपीत मात्र सांधा विशेष खोडकर होतो, कारण आपल्या भाषांना दोन शब्द नुसते शेजारी ठेवणे पसंत नसते. शाळेत आपण शिकलो की सत् आणि जन मिळून सज्जन, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ, विद्या आणि आलय मिळून विद्यालय. हीच जोडपी यंत्राला दिली तर ते ‘सत्जन’, ‘जगत्नाथ’ आणि ‘विद्याआलय’ असे देते. पहिल्या शब्दाचा अंत्य वर्ण आणि दुसऱ्याचा आद्य वर्ण यांच्याकडे पाहून एकाला किंवा दोघांनाही बदलावयाचे, ही संधीची क्रिया. पाणिनीने तिच्यासाठी सूत्रे रचली, आणि ती सूत्रे यंत्राला शिकवताही येतात, पण ते जोडणीहून वेगळे आणि पुष्कळ मोठे काम होय. जोडणी वर्णांकडे पाहतच नाही.

मौज अशी की न पाहताही पडद्यावर काहीतरी बदललेले दिसते. ‘सत्’ हा शब्द एकटा असताना त्याच्या पायाशी हलन्ताची खूण दिसते. ‘जन’ जोडताच ती नाहीशी होऊन त अर्धा होतो आणि ज ला चिकटतो. स्मृतीतले आकडे होते तेच असतात : त, मग २३८१ हा हलन्त, मग ज. बदलली ती फक्त रेखाटणी, कारण अक्षरे रेखाटणारा कार्यक्रम निराळा असतो आणि तो शेजाऱ्याकडे बघून आकार निवडतो. त्यामुळे आपल्याकडे अक्षरांची मोजणीही फसते : ‘नागपूर’ मध्ये मराठी माणूस ना, ग, पू, र अशी चार अक्षरे मोजतो, युनिकोडचे आकडे सहा होतात, आणि यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत ते अठरा बाइट व्यापतात. अठरांतले दहा बाइट एका तुकड्यात आणि आठ दुसऱ्यात अशी तोड केली, तर प प्रत्यक्ष कापला जातो आणि दोन्ही टोकांना प्रश्नचिन्हांच्या चौकोनी खुणा उगवतात.

भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश, म्हणजे एसएमएस, याच फेऱ्यातून जातो. एका संदेशाची मर्यादा १४० बाइटची आहे. इंग्रजी अक्षरे सात-सात बिटांत मावतात म्हणून तेथे १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक आकड्याला दोन बाइट लागतात, तेव्हा ७० वरच कारभार आटोपतो, आणि त्या सत्तरांत काने-मात्रा व वेलांट्याही मोजल्या जातात. मजकूर याहून लांब झाला की त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याच्या आरंभी ‘हा अमुक संदेशाचा भाग, एकूण भाग इतके, त्यांपैकी हा इतकावा’ अशी सहा बाइटची चिठ्ठी चिकटते, आणि मग मजकुराला प्रत्येक तुकड्यात ६७ चीच जागा उरते. घेणाऱ्याचा दूरध्वनी तुकडे कोणत्याही क्रमाने आले तरी चिठ्ठ्या वाचून ते पुन्हा टोकाला टोक लावतो. एकाहत्तराव्या आकड्यासाठी दोन संदेशांचे पैसे पडतात, ते यामुळे.

शेवटी खास मराठीचा एक पेच सांगतो, जो हिंदीवाल्यांना सहसा सतावत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला आडव्या फराट्यासारखा अर्धा र, जो ‘सूर्या’तल्या रफारापासून वेगळा राखावाच लागतो, तो लिहिण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत : युनिकोडमध्ये २३५३ क्रमांकावर ऱ असे स्वतंत्र अक्षर आहे त्याला हलन्त जोडावा, किंवा साध्या र ला २३६४ क्रमांकाचा नुक्ता आणि मग हलन्त जोडावा, किंवा र, हलन्त आणि त्यानंतर रुंदीच नसलेला, डोळ्यांना न दिसणारा एक जोडक द्यावा. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसावेत अशी अपेक्षा असते. यंत्राच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत, आणि एका पद्धतीने लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. पहिल्या दोहोंना एकरूप करण्यासाठी युनिकोडने प्रमाणीकरणाची पद्धत ठरवली आहे, जिच्यात र आणि नुक्ता मिळून एकच ऱ होतो. पण एक तुकडा र ने संपत असेल आणि दुसरा नुक्त्याने सुरू होत असेल, तर दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे प्रमाण असूनही जोडलेला मजकूर प्रमाण राहत नाही. तेव्हा प्रमाणीकरण जोडणीच्या आधी केले असले तरी जोडणीनंतर पुन्हा करावे लागते, निदान सांध्यापुरते.